वासराची हगवण आणि गुळाचे पाणी

करवीर, कागल, पन्हाळा या मुलखात ज्याच्या दावणीला दुभते जनावर नाही असा शेतकरी शोधूनच काढावा लागेल. १९६३ साली स्थापन झालेल्या जिल्हा दूध संघाने, म्हणजे आपल्या ‘गोकुळ’ने, खेडोपाडीच्या दुधाला हक्काची पेठ मिळवून दिली, आणि दुधाची विचारपूस घरोघर आस्थेने होऊ लागली. परंतु ज्याच्या जन्मामुळे ते दूध येते, त्या वासराची किंवा रेडकाची विचारपूस तितकी होत नाही, हे खेदाने नमूद करणे भाग आहे.

एका वाचकाने पृच्छा केली आहे की, आठ दिवसांच्या वासराला पांढरट पातळ ढाळ लागले, वडीलधाऱ्यांच्या सांगण्यावरून दूध तोडून गुळाचे पाणी पाजले, तरी ते मलूलच होत चालले आहे. तर इलाज काय?

हगवणीत वासराच्या देहातील पाणी आणि क्षार झपाट्याने निघून जातात, रक्त दाट व आम्लधर्मी होते, आणि बहुतेक वासरे या ऱ्हासानेच दगावतात. सबब पहिला उपचार पाण्याचा. मात्र ज्या जिल्ह्याचा गूळ देशभर वाखाणला जातो तेथे हे सांगणे जिवावर येत असले तरी, गूळ अथवा साखर वासराला उपयोगी नाही. कारण ती पचविणारे पाचकद्रव्य त्याच्या आतड्यात जवळपास नसतेच, आणि न पचलेली साखर उलट ढाळ वाढविते. ग्लुकोज मात्र आतड्यातून तत्काळ शोषले जाते व आपल्याबरोबर मीठ आणि पाणीही रक्तात ओढून नेते. म्हणून औषधाच्या दुकानात मिळणारी ग्लुकोजयुक्त क्षारांची पुडी, तिच्यावर लिहिले असेल तेवढ्याच उकळून कोमट केलेल्या पाण्यात विरघळवून, तीस किलोच्या वासराला दिवसाकाठी दोन-तीन लिटर, तीन-चार वेळांत विभागून पाजावी. दूध तोडू नये, त्यावाचून वासराचे बळ खचते. ते नेहमीच्या वेळी थोडेथोडे पाजावे आणि क्षारपाणी त्यात न मिसळता दोन-तीन तासांच्या अंतराने द्यावे.

वासराची अवस्था जोखण्यास फार सायास पडत नाहीत. स्वच्छ बोट त्याच्या तोंडात घालावे. ते जोराने चोखू लागले तर घरचा उपचार पुरेसा ठरण्याची आशा आहे. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडावी. ती लगेच सपाट न होता सुरकुतलेलीच राहिली, डोळे खोबणीत गेले, तोंड व कान गार लागले, अथवा वासरू उभेच राहीना, तर क्षणाचीही दिरंगाई न करता पशुवैद्यकांस पाचारण करून शिरेवाटे सलाईन द्यावे लागते. चोखण्याची शक्ती नसलेल्या वासराच्या घशात बाटलीने अथवा नळकांड्याने पाणी ओतू नये. ते फुप्फुसात जाऊन वासरू गुदमरते. १०३ अंशांवर ताप असेल किंवा शेणात रक्त दिसेल तरीही डॉक्टरांना बोलवावे. जंतुनाशक औषध देणे न देणे हा निर्णय त्यांच्यावर सोपवावा, उरलेल्या गोळ्या चारून पाहू नयेत.

आता दक्षतेविषयी. वार पडल्याशिवाय पिलाला थान लावायचे नाही, या समजुतीपायी मोलाचे तास वाया जातात. रोगप्रतिकारक द्रव्ये आतड्यातून शोषली जाण्याची मुदत जन्मापासून जेमतेम एक दिवसाची, आणि तीही तासागणिक घटत जाणारी; म्हणून पहिल्या दोन तासांत भरपूर चीक पाजून, बारा तासांच्या आत वजनाच्या एक-दशांश इतका पोटात जाईल अशी तजवीज करावी, आणि खरवसाचा विचार त्यानंतर. म्हशीच्या दुधातूनच रेडकाच्या पोटात जंत उतरतात, यास्तव त्याला दहाव्या ते सोळाव्या दिवसाच्या दरम्यान डॉक्टरांच्या सल्ल्याने जंतांचे औषध द्यावे. पावसाळ्यात गोठ्याची जमीन ओलसर राहते. तेथे वासराखाली कोरडे पाचट घालून ते रोज बदलावे.

ढाळ लागलेले वासरू इतरांपासून वेगळे बांधावे, त्याची चाकरी शेवटी करावी आणि नंतर हात साबणाने धुवावेत. कारण या हगवणीतील काही जंतू माणसांना, विशेषतः लहान मुलांना, बाधतात.