घरातले जाळे : तारेचे की बिनतारी?

समजा तुमच्या घरी आतल्या खोलीत संगणक आहे आणि दिवाणखान्यात टीव्ही आहे. संगणकात दोन तासांचा एक चित्रपट साठवलेला आहे. चित्रे अतिशय सुस्पष्ट असल्यामुळे त्याची फाइल ४५ गिगाबाइटची झाली आहे. ती आधी टीव्हीत उतरवून न घेता, जशी येईल तशी पाहायची आहे. यालाच स्ट्रीमिंग म्हणतात. मधल्या वीस-पंचवीस फुटांत तार घालावी, की वायफायवर भागवावे? दुकानात विचारले तर राउटरच्या खोक्यावरचा मोठा आकडा दाखवतात : १२०० मेगाबिट! हा आकडा बहुधा दोन निरनिराळ्या वारंवारता-पट्ट्यांच्या कमाल वेगांची बेरीज असतो. तो खोटा नव्हे, पण आपल्या प्रश्नाचे उत्तरही नव्हे.

आधी हिशेब करू. एक बाइट म्हणजे ८ बिट. तेव्हा ४५ गिगाबाइट म्हणजे ३,६०,००० मेगाबिट. दोन तासांचे सेकंद ७,२००. भागाकार केला की ५० येतात. म्हणजे टीव्हीला सरासरीने दर सेकंदाला ५० मेगाबिट मिळाले पाहिजेत. (इंटरनेटच्या मासिक वर्गणीचा या प्रवासाशी काही संबंध नाही. फाइल घराबाहेर जातच नाही. पुष्कळ लोक उगाच महागडी वर्गणी घेतात ती याच गैरसमजाने.)

खोक्यावर १२०० आणि गरज ५० ची, मग चित्र अडकते का? छत्रपती संभाजीनगरच्या मुलांना हे समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. पैठणच्या नाथसागराचे पाणी या शहराने वर्षानुवर्षे काही दिवसांआड घेतले आहे. नळ आला की धार किती मोठी, याला महत्त्व असतेच. पण पुढचे पाणी कधी येणार आणि तोवर गच्चीवरची टाकी पुरेल का, हा खरा प्रश्न. टीव्हीतही अशीच एक छोटी टाकी असते. पुढच्या काही सेकंदांची चित्रे तो आधीच साठवून ठेवतो. समजा त्याच्याकडे २० सेकंदांचा साठा आहे. मधेच ५ सेकंद पुरवठा बंद पडला, तर तुम्हाला पत्ताही लागणार नाही. तोच २५ सेकंद बंद राहिला, तर टाकी कोरडी पडते आणि पडद्यावर ते फिरणारे चक्र दिसू लागते. म्हणून मोठ्या फाइलीच्या बाबतीत सर्वांत जास्त वेग किती, यापेक्षा सर्वांत कमी वेग किती आणि तो किती वेळ टिकतो, हे पाहावे लागते.

आता वायफायकडे वळू. वायफायच्या लहरी या रेडिओलहरीच होत. त्यांच्या दोन प्रचलित पट्ट्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या आसपास आहेत. प्रकाशाच्या वेगाला वारंवारतेने भागा, म्हणजे तरंगलांबी मिळेल : पहिलीची सुमारे साडेबारा सेंटिमीटर, दुसरीची सुमारे सहा. या लहरी भिंतींवरून, कपाटांवरून, जमिनीवरून परावर्तित होतात आणि एकाच ठिकाणी अनेक वाटांनी पोहोचतात. कुठे त्या एकमेकींना बळ देतात, कुठे एकमेकींना मारतात. म्हणूनच राउटर नुसता वीतभर सरकवला तरी वेगात फरक पडतो. यात जादू काही नाही. तुम्ही पुस्तकात शिकता ते व्यतिकरणच आहे.

भिंतींचे म्हणाल, तर घराघरांत फरक. जुन्या शहरात, गुलमंडी-बेगमपुऱ्याकडे, दगड-चुन्याच्या हातभर जाड भिंती अजून आढळतात. अशा दोन भिंती ओलांडताना लहरींची शक्ती फार घटते, आणि ५ गिगाहर्ट्झची अधिकच. सिडकोतील घरांच्या भिंती त्या मानाने पातळ. पण तेथे स्लॅबमधील लोखंडी सळ्या लहरी परतवतात आणि शेजाऱ्यांचे राउटर भिंतीला भिंत लावून बसलेले असतात. २.४ च्या पट्टीत एकमेकांत न मिसळणारे मार्ग जेमतेम तीन (१, ६ आणि ११ क्रमांकांचे) आणि वाटेकरी दहा! त्यातच मायक्रोवेव्ह शेगडीही सुमारे २.४५ गिगाहर्ट्झवर चालते. तिच्यातून झिरपणारी अल्पशी शक्तीसुद्धा या पट्टीत गोंगाट माजवायला पुरते.

आणखी एक अडचण क्वचितच कोणी सांगते. एका मार्गावर एका वेळी एकानेच बोलायचे, हा वायफायचा नियम आहे. आधी कानोसा घ्यायचा, शांतता असेल तर बोलायचे, आणि पोच आली नाही तर पुन्हा बोलायचे. या शिष्टाचारात बराच वेळ जातो व हाती येणारा वेग लिखित वेगाच्या निम्म्याच्या आसपास उतरतो. त्यातून संगणक आणि टीव्ही दोघेही एकाच पट्टीवर असतील, तर तीच फाइल हवेतून दोनदा जाते : संगणकाकडून राउटरकडे आणि राउटरकडून टीव्हीकडे. म्हणजे राहिलेल्याचेही निम्मे. यावर अगदी स्वस्त उपाय आहे. दोघांपैकी एकाला तरी तारेने राउटरला जोडावे.

मौज अशी, की तारेच्या जाळ्याने हा शिष्टाचार बिनतारीकडूनच उचलला. १९७१ साली हवाई विद्यापीठाने बेटाबेटांवरील यंत्रे रेडिओने संगणकाशी जोडली. दोघे एकदम बोलले तर दोघांनीही थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करायचा, असा तेथे रिवाज होता. त्यावरून सुचून १९७३ मध्ये अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ यांनी तारेचे ‘इथरनेट’ आखले. नावातला ‘ईथर’ म्हणजे जुन्या भौतिकशास्त्रातला, प्रकाशाचे माध्यम मानला गेलेला काल्पनिक पदार्थ! आजच्या इथरनेटमध्ये मात्र प्रत्येक यंत्राला स्वतंत्र तार असते, त्यामुळे टक्कर होत नाही आणि बोलणे-ऐकणे एकदमच चालते.

ही केबल सोलून पाहा. आत आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्यांत पिळलेल्या दिसतील. पीळ शोभेचा नव्हे. बाहेरचा विद्युत् गोंगाट जोडीतील दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडतो. पलीकडचे यंत्र दोन तारांतील फरक तेवढा वाचते, त्यामुळे गोंगाट वजा होतो. पिळलेल्या जोडीचे एकस्व अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्येच घेतले होते. ‘५ई’ प्रतीची साधी केबल १०० मीटरपर्यंत सेकंदाला १००० मेगाबिट नेते. घेताना एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढुरके दिसले, तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आहे. ती घेऊ नये, वाकवताना मोडते.

तरीही तार म्हणजे रामबाण नव्हे. पुष्कळ टीव्हींचे तारेचे खाचे फक्त १०० मेगाबिटचे असतात. आपल्या ५० च्या चित्रपटाला ते पुरतात, पण त्याहून जड फाइलीला उणे पडू शकतात. तेथे जवळ ठेवलेल्या राउटरचे ५ गिगाहर्ट्झ वायफाय सरस ठरेल. आणि मोबाइल हातात घेऊन घरभर फिरणाऱ्याला तारेचा उपयोग काय?

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. गच्चीवरून शेजारच्या इमारतीत तांब्याची केबल कधीही ओढू नका. मराठवाड्यात वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा फार. जवळपास पडलेली वीजसुद्धा अशा लांब तारेत क्षणभर प्रचंड दाब निर्माण करते आणि दोन्ही टोकांची यंत्रे जाळते; हात लावणाऱ्याच्या जिवावरही बेतते. दोन इमारतींमध्ये काचेचा प्रकाशतंतू न्यावा, त्यातून वीज वाहत नाही. घरातही केबल विजेच्या तारांच्या नळीतून नेऊ नये.

प्रकाशतंतूचे मोठे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ दुर्बिणी सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपणारी ही यंत्रणा. पण टिपलेले संदेश मध्यवर्ती इमारतीत आणले जातात ते जमिनीतून, प्रकाशतंतूने.

आता तुमच्या घरी किंवा शाळेच्या संगणककक्षात करण्याजोगा प्रयोग. एक गिगाबाइटची, म्हणजे ८,००० मेगाबिटची फाइल घ्या आणि एका संगणकातून दुसऱ्यात पाठवून घड्याळ लावा. ८० सेकंद लागले तर वेग १००, १६० लागले तर ५०. प्रथम तारेने, मग एकाच खोलीत वायफायने, मग दोन भिंतींपलीकडे दार लावून, आणि शेवटी संध्याकाळी, शेजारीपाजारी सगळे घरी असताना. प्रत्येक प्रकार पाच वेळा करा. वहीत सरासरी लिहा, पण तिच्याशेजारी पाचांतला सर्वांत कमी वेगही लिहा, आणि तो ५० च्या खाली गेला का ते पाहा.