कोरियाचा वाडगा, जपानी ओंजळ

नोकरीमुळे ओसाकात राहायला आले आणि जपानी चहाविधीची शिकवणी लावली. घुसळलेला माच्चा लगेच आवडला; वाडगे कळायला मात्र वेळ लागला. त्यातही कोरियात घडलेले आणि जपानी चहाने डोक्यावर घेतलेले. या वाडग्यांनी शिकवलेलं थोडं सांगते.

१. आधी अंगठी काढा.
घड्याळही. चहा पिऊन झाला की वाडगा न्याहाळायचा, तो कोपरं मांडीवर टेकवून, दोन्ही हातांनी, तातामीच्या, म्हणजे जमिनीवरल्या चटईच्या, अगदी जवळ धरून. हातातून निसटलाच तर फार खाली पडू नये, एवढा साधा हिशोब त्यामागे आहे.

२. पालथा करून बूड बघा.
इदो नावाच्या कोरियन वाडग्यांची खरी ओळख तिथे पटते. अंगावर लोकाटाच्या फळाचा पिवळट रंग, चाकावर फिरलेल्या बोटांच्या वळ्या आणि बुडाशी बांबूच्या पेरासारखी उंच बैठक. कुंभाराने जिथे माती खरवडली, तिथे झिलई आक्रसून तिचे दाणे झालेले असतात. नितळ झिलई हवी असलेल्याला तो दोष वाटेल; चहावाले आधी तेच शोधतात. संग्रहालयात हात लावता येत नाही, तेव्हा मी सरळ उकिडवी बसते. तोक्योच्या नेझू संग्रहालयातल्या ‘शिबाता’सारखा वाडगा वरून पाहिला, तर निम्माच दिसतो.

३. आवड बदलते, आणि ती कोणीतरी बदलतं.
पूर्वी मान होता चिनी तेनमोकु वाडग्यांना. मुराता जुको, ताकेनो जोओ आणि सेन नो रिक्यू या चहाच्या आचार्यांनी चहा साधा केला, तशी नजर कोरियाकडे वळली. 1588 च्या सुमारास रिक्यूंचा शिष्य यामानोउए सोजी याने लिहून ठेवलं, की चिनी वाडगे मागे पडले. आज जपानने राष्ट्रीय ठेवा ठरवलेल्या मोजक्या चहाच्या वाडग्यांत कोरियन एकच आहे : क्योतोच्या दाइतोकुजी मंदिरातल्या कोहोआनमधला ‘किझाएमोन’.

४. सुंदर गोष्टही तपासून घ्या.
लोककलेचे विचारवंत यानागी सोएत्सू यांनी 1931 मध्ये किझाएमोन पाहिला आणि लिहिलं, की हा गरिबाच्या घरातला, कोणी अडाणी कुंभाराने सहज केलेला भाताचा वाडगा. ही कल्पना मलाही मोहवते. पण असे वाडगे पूजाविधीसाठी घडवले असावेत, असं मानणारे अभ्यासक कोरियात आहेत. निर्व्याज, अजाण कारागीर ही प्रतिमा बघणाऱ्याच्या सोयीचीही असू शकते.

५. फुटला म्हणून संपला नाही.
‘त्सुत्सुइझुत्सु’ हा इदो वाडगा जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या एका पोऱ्याच्या हातून पडला आणि त्याचे पाच तुकडे झाले. होसोकावा यूसाई या कवी-सरदाराने जागच्या जागी एक गमतीदार कविता रचली आणि हिदेयोशीचा राग निवळला, असं सांगतात. वाडगा सांधला गेला. आज त्याच्या कीर्तीत त्या सांध्यांचाही वाटा आहे.

६. नावं कुणाची, तेही बघा.
किझाएमोन हा ओसाकाचा व्यापारी, शिबाता हा सरदार. वाडगे ओळखले जातात मालकांच्या नावाने, घडवणारा निनावीच. 1592 ते 1598 या काळात हिदेयोशीच्या फौजा कोरियावर चालून गेल्या आणि सरदारांनी तिथले कुंभार धरून आणले. हागी, आरिता, सात्सुमा इथल्या भट्ट्यांची परंपरा त्यांच्यापासून सुरू झाली. शिकवणीत माझ्या हाती येतो तो हागीचा वाडगाही त्याच घराण्यातला. म्हणून ‘काय ही जपानी दृष्टी!’ एवढं म्हणून थांबू नये. निवड जपानची, हे खरंच. पण निवडावं असं काही घडलं ते कोरियाच्या चाकावर.