रंगीत तालीम रविवारी नको

सोनू,

नोकरीचे पेढे पोचले, आणि पाठोपाठ तुझ्या बाबाचा फोनही. "डोंबिवलीहून महापेला रोज कशी जाणार गं पोरगी?" पोरगी तशीच जाणार, जशी तिची आत्या अकरा वर्षं गेली. घरापासून स्टेशनपर्यंत सायकल, ठाण्याला गाडी बदलायची, कोपरखैरण्याला उतरून पुन्हा सायकल. त्या अकरा वर्षांत जुन्या सगळ्या चुका माझ्या करून झाल्यात. तू आपल्या नव्या शोध.

१. सायकल लोकलमध्ये चढवायचं मनातही आणू नकोस, दोन्ही टोकांना एकेक ठेव – डबेवाले १८९० पासून या मुंबईत डबे पोचवतायत, आणि तेसुद्धा डबे गाडीत चढवतात, सायकल स्टेशनबाहेरच ठेवतात.

२. कोपरखैरण्याची सायकल जुनी, रंग उडालेली, बिनगिअरची असू दे – ती रात्रभर तिथे एकटी राहणार, आणि देखणी सायकल लवकर सासरी जाते.

३. जाण्यायेण्याची रंगीत तालीम कर, पण मंगळवारी-बुधवारी, ऑफिसच्याच वेळेला – मी रविवारी केली होती. गाडी रिकामी, पूल रिकामा, त्यामुळे वेळही खोटी निघाली. सोमवारी पहिल्याच दिवशी चाळीस मिनिटं उशीर झाला आणि साहेबांनी नाव विचारायच्या आधी कारण विचारलं.

४. वेळ मोजायची ती घराच्या दारापासून ऑफिसातल्या खुर्चीपर्यंत – गाडीतली मिनिटं वेळापत्रकात छापलेली असतात. कुलूप उघडणं, स्टँडवाल्याला सुटे देणं, ठाण्याचा जिना, पोचल्यावर तोंड धुणं, हे कुणी छापत नाही. माझी ही न छापलेली मिनिटं बावीस भरली होती.

५. डोंबिवलीहूनच सुटणारी लोकल धर, स्लो असली तरी – ठाण्यापर्यंत मधे कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा एवढी चारच स्टेशनं. तेवढ्यासाठी कल्याणहून भरून आलेल्या फास्टच्या दारात लोंबकळायचं काही अडलेलं नाही.

६. ठाण्यात पुलाच्या जिन्यासमोर थांबणारा लेडीज डबा हेरून ठेव – कोपरखैरण्याला जाणारी ट्रान्सहार्बरची गाडी नऊ-दहा नंबरवरून सुटते. गर्दीच्या शेपटाला राहिलीस तर वरून ती निघालेली दिसते, आणि सुटलेली गाडी शिव्या ऐकायला थांबत नाही.

७. पास डोंबिवली ते कोपरखैरणे असा एकच काढ, पण पहिला महिन्याचाच – तीन महिन्यांचा स्वस्त पडतो, खरं आहे. पण पहिल्या महिन्यात तुझी वेळ बदलेल, रस्ता बदलेल, कदाचित मतही.

८. साखळी फ्रेममधून आणि खांबातून घाल, नुसत्या चाकातून नाही – मी एकदा पुढचं चाक कठड्याला बांधून गेले. संध्याकाळी येऊन बघते तर कुलूप माझं, चाक माझं, बाकी सायकल कुणाची तरी झालेली. चाक हातात घेऊन घरी आले. तुझ्या बाबाने त्यावर वर्षभर विनोद केले, म्हणून हे तू माझ्याकडूनच ऐकलेलं बरं.

९. डब्याच्या पिशवीत व्हॉल्वट्यूबचा बोटभर तुकडा आणि एक जादा पिन ठेव – काळी, गांडुळाएवढी ती रबरी नळी उन्हात कुजते आणि नेमकी पगाराच्या दिवशी फाटते. दुकानदार नळी देईल, पण तो दुकान साडेदहाला उघडतो. मी फोटोच्या रोलच्या डबीत ठेवायचे. तुला ती डबी माहीत नसेल, कुंकवाची चालेल.

१०. ओढणी कमरेला गाठ मारून, सलवारीच्या उजव्या पायाला रबरबँड – चेन उजवीकडे असते, आणि तिला कापड फार आवडतं.

११. ठाणे-बेलापूर रस्त्यावर ट्रकच्या डाव्या बगलेत शिरायचं नाही, कितीही उशीर झालेला असो – तो वळतो तेव्हा ड्रायव्हरला तू दिसतच नाहीस. मागचा लाल दिवा हिवाळ्यात साडेपाचलाच लाव.

१२. स्टँड निवडताना स्वस्त बघू नकोस, उंच बघ – २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोकल जिथल्या तिथे थांबल्या आणि आम्ही बायका ऑफिसातच टेबलं जोडून झोपलो. माझी सायकल खड्ड्यातल्या स्टँडवर. चार दिवसांनी मेकॅनिकने चाकाचा मधला भाग उघडला, तर ग्रीसच्या जागी चिखल, आणि त्यातून छर्रे एकेक करून त्याच्या तळहातावर ओघळले. तो काही बोलला नाही, फक्त माझ्याकडे बघितलं.

१३. पावसाळ्याआधी ब्रेकच्या रबरी गुटक्या बदल – ओल्या रिमवर झिजलेली गुटकी म्हणजे लग्नातल्या दूरच्या काकांसारखी, हजर असते पण धरत काही नाही.

१४. किती वाजेपर्यंत लोकलने यायचं आणि त्यानंतर रिक्षा करायची, हे आजच ठरव आणि आईला सांगून ठेव – रात्री साडेदहाला दमलेलं डोकं नेहमी पैसे वाचवायचा निर्णय घेतं.

१५. ऑफिसात एक जादा कुर्ता आणि चपला ठेव – याला कारण लागत नाही.

आता दुसऱ्या नंबरच्या कलमाचं. कोपरखैरण्यासाठी नवी सायकल घेऊ नकोस, माझी लेडीज सायकल जिन्याखाली आहे. सीटला तडा आहे आणि घंटी एकदाच वाजते, पण दोन्ही टायर नवे घातलेत. शनिवारी ये आणि घेऊन जा, येताना साखळी तेवढी तुझी आण.