गहाळ अक्षरांची सोयरीक

बदलापूरपाशी उल्हास नदीच्या काठी सापडलेली एक गोगलगाय आणि अंबरनाथच्या चिखलोली धरणाच्या कडेची दुसरी या सख्ख्या बहिणी होत, असा निर्वाळा संगणकाने मला एकदा दिला, आणि त्यावर विसंबून मी नदी आणि धरण यांना जोडणाऱ्या एका लुप्त प्रवाहाची कल्पना सजवून अकरा पानांचा मजकूरही सिद्ध केला. ती पाने अद्याप दप्तरात आहेत. प्रवाहाला मात्र आता कसलाच आधार उरलेला नाही.

ज्या वंशवृक्षात डीएनएच्या अक्षरांची अदलाबदल कमीत कमी वेळा गृहीत धरावी लागते तोच ग्राह्य मानावा, हे काटकसरीचे तत्त्व. आणि त्याबरहुकूम वृक्ष मांडणारा, जोसेफ फेल्सेन्स्टाइन यांच्या ‘फिलिप’ या संचातील ‘डीएनएपार्स’ हा प्रोग्रॅम मी वापरला होता. कॉक्स-१ जनुकाचा ६५८ अक्षरांचा सुपरिचित तुकडा मी बारा नमुन्यांतून वाचवून घेतला, परंतु त्यांपैकी नेमक्या या दोघींचे वाचन आरंभीच तोकडे पडले होते. अक्षरे एकाखाली एक लावणाऱ्या प्रोग्रॅमने ती रिकामी जागा साठेक आडव्या रेघांनी भरली. आणि डीएनएपार्स रेघेला ए, सी, जी, टी यांच्या पंक्तीतले पाचवे अक्षर समजत असल्यामुळे त्याने प्रत्येक रेघ स्वतंत्र बदल म्हणून जमेस धरली. दोघींची समाईक इस्टेट काय, तर गहाळ झालेली साठ अक्षरे!

खातरजमा केली नव्हती असेही नाही. त्याच अक्षरांतून पुनःपुन्हा नमुने उचलून वृक्ष नव्याने मांडणारी, फेल्सेन्स्टाइन यांनीच १९८५ मध्ये सुचवलेली ‘बूटस्ट्रॅप’ तपासणी केली, तीत ही जोडी शंभरपैकी शंभर वेळा एकत्र आली आणि मी हुरळून गेलो. खोट्या दस्ताच्या शंभर नकला काढल्या तरी प्रत्येकीवर तोच खोटा शिक्का उमटणार, हे तेव्हा ध्यानी आले नाही. पुढे एका ज्येष्ठ स्नेह्यांनी सारा मजकूर वाचून एवढेच विचारले, “या दोघींचे पहिले अक्षर कोणते हो?”

मी फाइल उघडली, रेघांच्या जागी अज्ञाताचे चिन्ह म्हणून प्रश्नचिन्हे घातली आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला. जोडी फुटली. शिवाय एकाच्या ठिकाणी सारख्याच आखूड अशा नऊ वृक्षांची यादी समोर आली.

याउलट, वंशवृक्ष मांडणाऱ्या ‘पॉप’ या दुसऱ्या प्रोग्रॅमात मुळातच रेघ अज्ञात मानली जाते. तेव्हा ज्याच्या हाती हिशेब सोपवायचा त्याचा नियम आधी वाचावा. शोधाची रीतही जाणून घ्यावी: बारा नमुन्यांचे, मूळ न ठरवलेले, वृक्षच ६५ कोटी ४७ लाख २९ हजार ७५ होतात, आणि डीएनएपार्स ते सगळे तपासत बसत नाही. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात जीन्सचे कापड बेतणारे माझे एक शेजारी सांगतात, की पहिला तुकडा कोठे ठेवला यावर पुढची सारी मांडणी ठरते, म्हणून ते दोन-तीनदा सगळे उचलून नव्याने मांडतात. डीएनएपार्समधील ‘जंबल’ची सोय हेच करते: नमुन्यांचा क्रम पिसून शोध पुनःपुन्हा आरंभते. ती मी वापरलीच नव्हती. सारखे आखूड वृक्ष अनेक निघाले तर त्यांतला मनाजोगता एक उचलून छापणे ही मात्र लबाडी होय; सर्वांना मान्य असलेल्या शाखांचा एकमत-वृक्ष द्यावा. आणि वेगाने बदललेल्या दोन लांब शाखा नाते नसताही एकत्र ओढल्या जातात, अशा प्रसंगी अधिक डीएनए ओतल्याने चूक अधिकच पक्की होते, हे फेल्सेन्स्टाइन यांनी १९७८ मध्येच दाखवून ठेवले आहे, तेही विसरू नये.

दोन्ही नमुने मी नंतर पुन्हा वाचवून घेतले. चिखलोलीची गोगलगाय धरणाकाठच्याच इतर दोघींजवळ जाऊन बसली. आपण फाइल प्रोग्रॅमच्या हवाली करण्यापूर्वी प्रत्येक ओळीची पहिली आणि शेवटची शंभर अक्षरे स्वतःच्या डोळ्यांखालून घालावीत, ही विनंती.