मेंदूची इजा व लाळेची परीक्षा

डोकें फुटून रक्त वाहूं लागलें म्हणजे घरचीं सर्व माणसें धांवून येतात. परंतु डोक्यास नुसता मार बसला व रक्त आलें नाहीं, तर "कांहीं झालें नाहीं, ऊठ" असें म्हणून मुलास पुन्हां खेळावयास पाठवितात. वास्तविक हा मुका मार कधीं कधीं अधिक घातक ठरतो. मेंदू हा अति मऊ अवयव असून कवटीच्या पेटींत द्रवानें वेढलेला असतो. डोकें जोरानें आपटलें म्हणजे कवटी थांबते, पण आंतील मेंदू हालतच राहतो, आणि त्याच्या पेशींचे सूक्ष्म तंतु ताणले जातात. ह्या इजेस मेंदूचा हादरा म्हणतात. सी. टी. स्कॅनच्या चित्रांतहि तो बहुधा दिसत नाहीं.

डोक्यावरील आघात काय करूं शकतो, ह्याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. सन १९६२ च्या मार्चमध्यें बार्बाडोस येथील क्रिकेटच्या सामन्यांत भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर ह्यांच्या डोक्यावर चार्ली ग्रिफिथ ह्यांचा चेंडू आदळला. फलंदाजांनीं शिरस्त्राण घालण्याची चाल त्या काळीं नव्हती. मेंदूवरील दाब काढण्यासाठीं तांतडीची शस्त्रक्रिया करावी लागली, आणि त्यांना रक्त देणारांत प्रतिपक्षाचे कर्णधार फ्रँक वॉरेल, आपल्या पुण्याचे चंदू बोर्डे व नाशिकचे बापू नाडकर्णी हे होते. पुढें वेलोरचे मेंदूतज्ज्ञ डॉ. जेकब चंडी ह्यांनीं त्यांच्या कवटींत धातूची पट्टी बसविली. ती सन २०२२ मध्यें काढण्यांत आली. कॉन्ट्रॅक्टर पुन्हां मैदानावर उतरले, परंतु कसोटी सामना त्यांना कधींच खेळावयास मिळाला नाहीं.

इतकी मोठी इजा लपत नाहीं. लहान हादरा मात्र सहज लपतो. ज्या स्कॉटलंडच्या मिशनशीं जालन्याचा जुना संबंध आहे, त्याच देशांतील ग्लासगो शहरीं टीसडेल व जेनेट ह्या दोन वैद्यांनीं सन १९७४ मध्यें शुद्धि मोजण्याचें एक कोष्टक तयार केलें. रोगी डोळे कसे उघडतो, बोलतो कसा व हातपाय कसे हालवितो, हें पाहून ३ पासून १५ पर्यंत गुण देतात. तें आज जगभर चालतें. परंतु हादरा बसलेल्या मुलास पुष्कळदां पूर्ण १५ गुण मिळतात, आणि मग त्याच्या सांगण्यावरच विसंबावें लागतें.

येथेंच लाळेचा उपयोग होईल असें शास्त्रज्ञांना वाटतें. तीन मोठ्या ग्रंथींच्या जोड्यांतून आपल्या तोंडांत दररोज सुमारें एक लिटर लाळ येते, व ह्या ग्रंथींवर मेंदूपासून निघणाऱ्या मज्जातंतूंची सत्ता चालते. लाळेंत आरएनए नांवाच्या द्रव्याचे अति लहान तुकडे असतात; कित्येक तर अवघ्या २२ अक्षरांचे. कचेरींतून कामाच्या चिठ्ठ्या सुटाव्या, त्याप्रमाणें कोणतें प्रथिन किती बनवावें ह्याचें नियमन हे तुकडे करतात. मेंदूस इजा झाली म्हणजे त्यांचें प्रमाण बदलतें.

इंग्लंडांतील बर्मिंगहॅम विद्यापीठाचे प्राध्यापक अँटोनियो बेली व त्यांचे सहकारी ह्यांनीं रग्बीच्या १,०२८ खेळाडूंची लाळ हंगामापूर्वीं घेऊन ठेविली. पुढें ज्यांच्या डोक्यास मार बसला, त्यांची लाळ पुन्हां तपासली. अशा १४ तुकड्यांवरून हादरा बसला कीं नाहीं हें शंभरांत ९४ वेळां बरोबर सांगतां आलें. हा निष्कर्ष सन २०२१ मध्यें प्रसिद्ध झाला.

तथापि मर्यादाहि ध्यानांत ठेवाव्या. हे खेळाडू सारे प्रौढ पुरुष होते. शिवाय ह्या परीक्षेस प्रयोगशाळेचीं यंत्रें लागतात, आणि मेंदूंत रक्तस्राव झाला आहे काय, हें पाहण्यास स्कॅनच करावें लागतें. आपल्या गांवच्या दवाखान्यांत ही परीक्षा आज मिळत नाहीं.

म्हणून पालकांस विनंति अशी: डोक्यास मार बसलेल्या मुलास त्या दिवशीं पुन्हां खेळूं देऊं नये, व निदान एक दिवस-रात्र त्याजवर नजर ठेवावी. वारंवार वांती, वाढती डोकेदुखी, न उतरणारी गुंगी, अडखळतें बोलणें, झटके, एक बाहुली लहान व एक मोठी, नाकाकानांतून पाण्यासारखा स्राव, ह्यांपैकीं एकहि चिन्ह दिसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सन २०२२ मध्यें आपल्या देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं. मोंढ्यास जाणारा शेतकरी असो, लोखंडाच्या कारखान्यांतील कामकरी असो, कीं मुलास शाळेंत सोडणारा बाप असो, दुचाकीवर बसतांना शिरस्त्राण घालावें. चार वर्षांवरील मुलासहि तें कायद्यानें आवश्यक आहे.

आणि मुलांनो, कबड्डीच्या संघांतून काढतील ह्या भीतीनें डोक्याचा मार लपवूं नका. सोबत्यास चक्कर आलेली पाहिलीत, तर त्याच्या रागाची पर्वा न करतां गुरुजींस सांगा. लाळेची साक्ष काढण्याची सोय आपल्याकडे होईपर्यंत तुम्हांलाच खरी साक्ष द्यावयाची आहे.