विडाल चाचणीचा कागद कसा वाचावा?

पावसाळा सुरू झाला की शाळेत रजेच्या अर्जांबरोबर प्रयोगशाळांचे कागदही येऊ लागतात. आपल्या सुरतेत उधना-लिंबायत भागात खानदेशातून आलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांपैकी एक पालक मुलाचे दोन कागद घेऊन आले. “सर, आधी १:८० होते, आता १:१६० आहे. म्हणजे रोग निम्मा झाला ना?” त्यांचे अपूर्णांकाचे गणित बरोबर होते, पण कागदाचा अर्थ निराळा होता. तो समजावा म्हणून हा पाठ.

मुदतीच्या तापाची, म्हणजे टायफॉइडची, ही चाचणी १८९६ साली पॅरिसमध्ये डॉ. विडाल यांनी प्रसिद्ध केली. रोग्याच्या रक्तातील पातळ द्रव घेऊन तो क्रमाक्रमाने अधिक विरल करतात व त्यात टायफॉइडचे मारलेले जंतु मिसळतात. रक्तात त्या जंतूंविरुद्ध प्रतिपिंडे असतील तर जंतूंच्या गुठळ्या होतात. सरबतात पाणी ओतत गेले तरी गोडी टिकली, तर मूळचे सरबत दाट होते असे आपण म्हणतो. तसेच येथे. १:१६० पर्यंत गुठळ्या होणे म्हणजे १:८० पेक्षा प्रतिपिंडे अधिक. कागदावरील ‘ओ’ हा जंतूच्या शरीराविरुद्धचा व ‘एच’ हा त्याच्या शेपटांविरुद्धचा आकडा होय.

मग आकडा वाढला म्हणजे टायफॉइड ठरला काय? नाही. दुप्पट फरक चाचणीच्या चुकीनेही पडतो. सात ते दहा दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांत चौपट वाढ, जसे १:८० चे १:३२०, दिसली तर तिला अर्थ आहे. जेथे हा रोग नेहमीचा, तेथे निरोगी माणसाच्या रक्तातही थोडी प्रतिपिंडे असतात. जुन्या आजाराने ‘एच’ दीर्घकाळ वर राहतो. हिवतापासारख्या दुसऱ्या तापातही चाचणी फसते. उलट, पहिल्या आठवड्यात खरा टायफॉइड असूनही कागद कोरा येऊ शकतो.

म्हणून पहिल्या आठवड्यात, प्रतिजैविके सुरू करण्यापूर्वी, ब्लड कल्चर करणे अधिक भरवशाचे. त्यात प्रत्यक्ष जंतु वाढवून पाहतात व कोणते औषध लागू पडेल तेही कळते. मात्र तेही प्रत्येक वेळी जंतु पकडतेच असे नाही. नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ साली नऊ महिने ते चौदा वर्षांच्या मुलांना टायफॉइडची नवी लस दिली. तिचा गुण तपासताना रोगी मोजले ते ब्लड कल्चरवरूनच.

त्या मुलाच्या रक्ताची काचपट्टी डॉक्टरांनी तपासली, तेव्हा हिवताप निघाला. टायफॉइडची औषधे मात्र त्याने पाच दिवस घेतली होती.

तेव्हा पालकहो, एका आकड्यावरून औषध मागू नका, आणि चालू असलेले औषध आपल्या मनाने बंदही करू नका. ताप कितव्या दिवसाचा आहे ते लिहून ठेवा, जुने कागद जपा व सर्व डॉक्टरांपुढे ठेवा. पाणी उकळून प्यावे व जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत, हे तर आपल्याच हाती आहे.