आधी साथ, मग सोलो

प्रश्न : मी गिटारवर बीबॉप वाजवतो. आता जँगो रेनहार्टच्या शैलीचा जॅझ शिकतोय. घरी जमतं, पण चौघांत बसलो की लय निसटते. काय करू?

उत्तर : सोलोचा सराव काही दिवस थांबवा आणि ठेका धरायला शिका. जँगो आणि व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली यांचं 1934 मधलं पॅरिसचं पंचक आठवा : तीन गिटार, एक व्हायोलिन, एक बास. ड्रम नव्हतेच! तालाचा भार साथीच्या दोन गिटारांवर आणि बासवर होता. गिटारांच्या त्या ठेक्याला 'ला पाँप' म्हणतात. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर हलका आघात, दुसऱ्या-चौथीवर ठसठशीत, आणि लगेच डाव्या हाताची बोटं सैल करून सूर तोडायचा. बीबॉपमध्ये ड्रमर लय सांभाळतो आणि गिटारवादक अधूनमधून कॉर्ड टाकतो. ती सवय इथे घात करते.

सरावाला त्यांचीच 'मायनर स्विंग' (1937) ही धून घ्या. सोलोचं आवर्तन 16 बारचं, मुख्य कॉर्ड तीनच. मेट्रोनोम फक्त दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर लावा आणि संथ लयीत दहा मिनिटं न थांबता साथ करा. कंटाळा येईल, पण यातूनच हात बसतो.

मग सोलोकडे वळाल तेव्हा उजवं मनगट अधांतरी ठेवा आणि तार बदलताना प्रत्येक वेळी पिक खालीच मारा. वेग नंतर येतो.

बैठकीत आवाज इतका ठेवा की सोलो वाजवणारा तुम्हाला स्पष्ट ऐकू येईल. चुकलात तर कॉर्ड सोडा, ठेका सोडू नका. पुढच्या आवर्तनाला पुन्हा जोडून घ्या.